रोगणाखालचा वारसा

तापीच्या उत्तर तीरावर, बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात, मोगलकालीन हमामखाना आहे. किल्ल्यातील बऱ्याच वास्तू आज पडझडीच्या अवस्थेत असल्या, तरी या हमामखान्याच्या छताकडे मान वर करून पाहिले असता चुन्याच्या गिलाव्यावर रेखाटलेली फुले, पाने आणि वेली अद्याप ओळखू येतात. कोठे रंग टिकून आहे, कोठे केवळ रेषा उरली आहे, तर कोठे रेषेसह गिलावाच निखळून पडला आहे. शहाजहानची बेगम मुमताजमहल हिच्यासाठी हा हमाम सजविण्यात आला, असे परंपरा सांगते. १७ जून १६३१ रोजी याच शहरी तिचे निधन झाले आणि आग्र्यास नेण्यापूर्वी तिचा देह पैलतीरावरील झैनाबाद येथे पुरण्यात आला होता.

बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे आणि २००३ पासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. परंतु मराठी वाचकास हे शहर परके नाही. फारुकी सुलतानांची आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याची ही राजधानी. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हे शहर पेशव्यांकडे आले. शहराचे नाव ज्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संतावरून पडले, त्याची दर्गा आपल्या खुलताबादेत आहे. रावेरहून रेल्वेने निघालेला प्रवासी तासाभराच्या आत येथे पोहोचतो. साहजिकच खानदेशातून येणारे शिक्षक, विद्यार्थी आणि ग्रामस्थ हमामखान्याचे ते फिकटलेले छत पाहून एक प्रश्न हमखास विचारतात : हे रंग असे उडून जात असताना त्यांच्यावर एखादे पारदर्शक रोगण का चढवीत नाहीत? घरच्या दाराला, टेबलाला, देवाच्या तसबिरीच्या चौकटीला रोगण लावले की ती वर्षानुवर्षे टिकते. मग येथे कोणती अडचण?

प्रश्न रास्त आहे. तो शंभर वर्षांपूर्वी फार मोठ्या जाणकारांनाही पडला होता आणि त्यांनी त्याचे उत्तर प्रत्यक्ष कृतीने दिले होते. ते उत्तर बुऱ्हाणपूरपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याच्या लेण्यांत, आजही भिंतींवर पाहावयास मिळते. त्याकडे वळण्यापूर्वी रोगण नेमके काय करते, हे समजून घेणे इष्ट होईल.

ओला गोटा आणि सुका गोटा

तापीच्या पात्रातील एखादा गोटा पाण्यातून काढावा. ओला असताना त्याच्यावरील तांबड्या, हिरव्या, काळ्या रेषा स्पष्ट दिसतात. तोच गोटा उन्हात वाळला की करडा आणि निस्तेज होतो. गोट्याचा रंग कोठेही गेलेला नसतो. वाळलेल्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खाचखळगे असतात. त्यांवर पडणारा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि डोळ्यांना रंगाऐवजी पांढुरकेपणा जाणवतो. पाण्याने ते खळगे भरून निघाले की विखुरणे थांबते व रंग खुलतो. रोगण म्हणजे न वाळणारे पाणीच म्हणावयाचे. राळ, लाख किंवा आजकालची कृत्रिम रेझिने एखाद्या द्रावकात विरघळवून पृष्ठभागावर पसरली, की द्रावक उडून जातो आणि मागे काचेसारखा पातळ पापुद्रा उरतो. हा पापुद्रा दोन कामे करतो. तो रंग खुलवितो आणि बाहेरील हवा, धूळ, पाणी व मानवी हात यांना अडवितो.

या दोन कामांची गल्लत होणे हेच पुढील सर्व अनर्थाचे मूळ होय. रोगण लावताच चित्र उजळते. पाहणाऱ्यास वाटते की चित्र बरे झाले. वास्तविक चित्र पूर्वी होते तेवढेच दुबळे असते, केवळ दिसते चांगले.

अजिंठ्याची कहाणी

२८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. (योगायोग असा, की त्याच महिन्याच्या ९ तारखेस बुऱ्हाणपूरच्या उत्तरेस असलेला असीरगड इंग्रजांच्या ताब्यात आला होता.) पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल याने कंपनी सरकारच्या आज्ञेने या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यास आरंभ केला. त्यांपैकी बहुतेक प्रतिकृती लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८६६ साली लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. तेव्हा मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा तेच काम हाती घेतले. त्यांच्याही प्रतिकृतींपैकी पुष्कळशा पुढे लंडनमध्येच जळाल्या. प्रतिकृतींचे दैव असे, तर मूळ चित्रांचे दैव त्याहून विचित्र. अंधाऱ्या लेण्यांतील धूळ बसलेली चित्रे नकलून घेण्यासाठी ती नीट दिसणे आवश्यक होते आणि ती नीट दिसावीत म्हणून नकलाकारांनी मूळ चित्रांवरच रोगण फिरविले. ओल्या गोट्याची युक्ती दीड हजार वर्षांच्या चित्रांवर योजण्यात आली. हेतू अर्थातच वाईट नव्हता.

अजिंठा त्या काळी हैदराबाद संस्थानच्या हद्दीत होते. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी हे विद्वान आणि तळमळीचे गृहस्थ. चित्रांचे पापुद्रे गळत असल्याचे पाहून निजाम सरकारने थेट इटलीहून तज्ज्ञ बोलाविले. लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी १९२० ते १९२२ या काळातील दोन हिवाळ्यांत येथे काम केले. भित्तिचित्रांच्या दुरुस्तीत त्या काळी इटलीचा हात धरणारा देश नव्हता. या तज्ज्ञांनी सुटलेला गिलावा पुन्हा भिंतीस चिकटविला, लोंबणाऱ्या कडा पक्क्या केल्या. आणि पुष्कळ भाग जो आज शिल्लक आहे तो त्यांच्या या श्रमांमुळेच आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि काम संपविताना त्यांनी चित्रांवर लाखेचा पातळ हात दिला.

लाख हा आपल्याच मातीतील पदार्थ. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या फांद्यांवर राहणारा एक बारीक किडा ती स्रवतो. बांगड्या, खेळणी, लाकडावरील चकाकी, पत्रांवरील मोहोर अशा नाना उपयोगांसाठी भारतात ती परंपरेने वापरली जाते. १९२४ साली रांचीजवळ नामकूम येथे तिच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन संस्थाही स्थापन झाली. ताजी लाख स्पिरिटमध्ये सहज विरघळते व सुंदर झिलई देते. परंतु वर्षे लोटली, हवेतील प्राणवायूचा व प्रकाशाचा परिणाम झाला, की तिचे रेणू एकमेकांत गुंततात. मग ती पिवळी पडते, पुढे तपकिरी होते, आक्रसते, ठिसूळ बनते आणि मुख्य म्हणजे ज्या स्पिरिटमध्ये ती विरघळली होती, त्यात आता विरघळत नाही. अजिंठ्यात नेमके हेच घडले. पिवळ्या काचेतून पाहिल्यावर पांढरा रंग भगवट दिसावा आणि निळा हिरवट दिसावा, तसे त्या चित्रांचे झाले. दूरच्या बदख्शानमधून आणलेल्या लाजवर्दाचा निळा रंग रोगणाखाली मावळला. वटवाघळांची घाण, धूर आणि धूळ यांचे थर त्यात मिसळले ते वेगळेच. अजिंठ्याची चित्रे मुळातच तपकिरी छटेची आहेत, असा समज कित्येक पिढ्यांत रूढ झाला, त्याचे बरेचसे श्रेय या रोगणाकडे जाते.

रंग काळवंडला एवढ्यावर भागले असते तरी चालले असते. आक्रसणारा पापुद्रा आपल्याबरोबर खालचा रंगही उचलू लागला. अजिंठ्याचा गिलावा माती, भाताचा कोंडा व गवताचे तंतू यांचा. त्यावर पांढऱ्या अस्तराचा पातळ हात आणि त्यावर सरसासारख्या माध्यमात कालवलेले रंग. असा हा मऊ, श्वास घेणारा पृष्ठभाग. त्यावर लाखेचा कठीण पत्रा बसला. उन्हाळ्यात एक आकुंचन पावतो, पावसाळ्यात दुसरा फुगतो आणि या ओढाताणीत बिचारा रंग पोळीच्या पापुद्र्यासारखा सुटतो. स्वातंत्र्योत्तर काळात लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आल्यावर त्या वेळी नवा व भरवशाचा मानला जाणारा पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हा कृत्रिम लेप काही चित्रांवर देण्यात आला. तोही पुढे धूळ धरू लागला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विभागाचे रसायनतज्ज्ञ ही जुनी रोगणे इंचाइंचाने उतरवीत आले आहेत. लावण्यास दोन हिवाळे लागले. काढण्यास दशके लागत आहेत. कापसाचा बोळा, मोजून घेतलेला द्रावक आणि भिंगातून रोखलेली नजर एवढ्यावरच हे काम चालते, कारण रोगण सैल झाले की त्याखालचा रंगही सैल होण्याची भीती असते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. रोममधील सिस्टाइन चॅपेलच्या छतावरील मायकेलअँजेलोची चित्रे उजळावीत म्हणून पूर्वीच्या शतकांत त्यांवर जनावरांच्या सरसाचे हात देण्यात आले होते. मेणबत्त्यांच्या काजळीसह ते काळे पडले आणि १९८० च्या दशकात ते काढावे लागले. काळ्या थराखालून जे लखलखीत रंग बाहेर आले, ते पाहून काही कलासमीक्षकांचा विश्वासच बसेना. चित्रे बिघडविली, अशी ओरड झाली. रोगणाचा रंग लोकांनी मायकेलअँजेलोचा रंग मानला होता.

पाणी मागून येते

आता बुऱ्हाणपूरकडे पुन्हा वळू. या शहराला पाणीपुरवठा करण्यासाठी १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानान याच्या काळात ‘कुंडी भंडारा’ ही भुयारी जलव्यवस्था उभारण्यात आली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी विहिरींच्या रांगेतून व त्यांना जोडणाऱ्या भुयारातून उताराने शहराकडे आणणारी ही योजना २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाली आहे. भुयारात उतरलेल्या माणसास भिंतींवर चुनखडीसारखा पांढरट थर साचलेला दिसतो. तो कोणी लावलेला नाही. पाणी खडकातून येताना क्षार विरघळवून आणते आणि हवेशी गाठ पडताच ते क्षार मागे ठेवून जाते.

कोणत्याही जुन्या भिंतीत हेच लहान प्रमाणावर सतत चाललेले असते. गळक्या छतातून, पायाच्या ओलीतून, शेजारच्या गटारातून पाणी भिंतीत शिरते. विटा, चुना व माती यांतील क्षार घेऊन ते पृष्ठभागाकडे सरकते आणि तेथून वाफ होऊन उडून जाते. भिंतीस मोकळे सोडले असेल, तर क्षार पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपाने येतात. आपण त्यास ‘लोणा लागला’ असे म्हणतो. ती भुकटी मऊ ब्रशाने झटकता येते. परंतु त्या भिंतीवर रोगणाचा पापुद्रा चढविला असेल, तर पाण्याचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. क्षार पापुद्र्याच्या आत, म्हणजे नेमके चित्राच्या रंगापाशी साचतात. तेथे त्यांचे स्फटिक बनतात आणि वाढणारा स्फटिक आपल्यापुढे जे असेल त्यास ढकलतो. पुढे असते ते चित्र.

शिक्षकांना हा प्रकार वर्गात दाखविता येईल. कुंभाराकडून कोरा, झिलई नसलेला माठ आणावा. त्याच्या बाहेरील अर्ध्या भागास बाजारात मिळणारे पारदर्शक रोगण लावून ते पूर्ण वाळू द्यावे. माठात मीठ घातलेले पाणी भरावे आणि सावलीत, हवेशीर जागी ठेवून पाणी कमी होईल तसे पुन्हा भरावे. काही दिवसांत उघड्या बाजूस मिठाची पांढरी साय धरू लागेल. रोगण लावलेली बाजू आरंभी स्वच्छ व चकचकीत दिसेल. कोणती बाजू सुरक्षित आहे, असे विद्यार्थ्यांना याच टप्प्यावर विचारावे, म्हणजे बहुतेक जण चकचकीत बाजूकडे बोट दाखवितील. त्यानंतर माठ तसाच ठेवून रोगणाच्या कडांकडे, विशेषतः जेथे उघडा व झाकलेला भाग मिळतो तेथे, रोज लक्ष ठेवावे.

यावरून हमामखान्याच्या छतास रोगण का नको, हे स्पष्ट होईल. तेथील मुख्य शत्रू समोरच्या हवेतून येत नाही. तो मागून, गिलाव्याच्या पाठीकडून येतो. शाहशुजाची बेगम बिल्किस हिच्या कबरीच्या इमारतीत आतील भिंतींवर जी रंगीत नक्षी आहे, तिलाही हाच नियम लागू पडतो. अशा ठिकाणी पहिला उपचार छपरावरच होतो. गच्चीच्या भेगा चुन्याने बुजविणे, पन्हळी साफ करणे, भिंतीत मुळे घातलेली पिंपळाची रोपे वेळीच काढणे, पायथ्याशी पाणी साचू न देणे ही कामे दिसावयास किरकोळ आहेत; त्यांचे उद्‌घाटनही कोणी करीत नाही. पण चित्र वाचते ते त्यांनीच. रंग सुटत असल्यास तो जागेवर बसविण्यासाठी तज्ज्ञ अत्यंत पातळ केलेले रेझिन सुईने वा बारीक कुंचल्याने तेवढ्याच ठिकाणी देतात. सरसकट हात फिरवीत नाहीत.

वज्रलेप

आपल्याकडे लेपाची कल्पना नवी नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक स्वतंत्र अध्याय आहे. कोवळी टेंभुर्णीची फळे, कवठ, सावरीची फुले, साळईच्या बिया, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा आठवा भाग उरेपर्यंत आटवावयाचा, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादी द्रव्ये मिसळावयाची व तो लेप गरम असतानाच मंदिर, मूर्ती, भिंत, विहीर यांस द्यावयाचा, अशी ती कृती. तो कोटी वर्षे टिकेल अशी ग्वाही ग्रंथकाराने दिली आहे. ती अक्षरशः घेण्याचे कारण नाही; पण राळ, तेल आणि डिंक यांच्या मिश्रणाने पृष्ठभाग राखता येतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

आज ‘वज्रलेप’ हा शब्द वर्तमानपत्रांत येतो तो देवमूर्तींच्या संदर्भात. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीचे २०१५ मध्ये आणि पंढरपूरच्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींचे जून २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे मंदिर दर्शनास बंद असताना, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून रासायनिक जतन करण्यात आले. मूर्तीची गोष्ट भिंतीहून निराळी असते. तिची झीज दूध, दही, मध व पाणी यांच्या अभिषेकाने आणि लक्षावधी हातांच्या स्पर्शाने, म्हणजे बाहेरून होते. तेथे लेपास काही अर्थ आहे. परंतु तो लेपही कायमचा नव्हे. झिजण्याची कारणे चालूच राहिली, तर काही वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो आणि पुन्हा देताना जुना काढावा लागतो. भाविकांच्या दृष्टीने हा भावनेचा विषय आहे आणि तो तसाच राहणार. मात्र अभिषेक उत्सवमूर्तीवर करण्याची जी पद्धत अनेक देवस्थानांनी स्वीकारली आहे, ती कोणत्याही रसायनापेक्षा अधिक परिणामकारक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

धातूचे शास्त्र वेगळे

जेथे रोगण खरोखर उपकारक ठरते, ते क्षेत्र धातूचे. धातूच्या वस्तूतून पाणी पाझरत नाही. तिचा शत्रू हवेतील दमट वाफ, क्षार आणि हाताचा घाम हाच. त्यामुळे संग्रहालयांत तांबे, पितळ, कासे व लोखंड यांच्या वस्तू स्वच्छ करून, पूर्ण कोरड्या करून, त्यांवर पारदर्शक लेप देण्याची पद्धत जगभर आहे. आज यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे रेझिन ‘पॅरालॉइड बी-७२’ या नावाने ओळखले जाते. ते ॲसिटोनमध्ये विरघळते, प्रकाशात सहसा पिवळे पडत नाही आणि प्रयोगशाळेतील कसोट्यांनुसार शंभर वर्षांनंतरही पुन्हा विरघळवून काढता येईल असे मानले जाते. तांब्याच्या मिश्रधातूंसाठी १९६० च्या दशकात ‘इन्क्रालॅक’ हा लेप तयार झाला. त्यात धातूचा गंज रोखणारे बेन्झोट्रायाझोल हे द्रव्य मिसळलेले असते. उघड्यावरील पुतळ्यांवर कित्येकदा लेपाच्या वर मेणाचाही हात देतात, म्हणजे पाऊस व धूळ प्रथम मेण खातील आणि मेण पुन्हा लावणे सोपे.

तथापि येथेही एक धोका आहे. जमिनीतून निघालेल्या ताम्रपटावर, नाण्यावर किंवा मूर्तीवर कधी कधी फिकट हिरव्या, भुकटीसारख्या ठिपक्यांचा रोग दिसतो. पुसला तरी पावसाळ्यात तो पुन्हा उगवतो. धातूच्या पोटात शिरलेले क्लोराइड क्षार ओल मिळताच तांबे खात सुटतात, त्याचे हे लक्षण. अशा वस्तूवर रोगण चढविणे म्हणजे चोराला आत ठेवून दाराला कडी घालणे होय. क्षार बाहेर काढणे अगर निष्प्रभ करणे हे प्रयोगशाळेचे काम. ती सोय होईपर्यंत वस्तू कोरडी ठेवणे एवढेच घरी करता येते. चिंच, लिंबू वा ताकाने ताम्रपट घासू नये. घासल्याने तो नव्या तांब्यासारखा चमकेल. मात्र शतकांनी धातूवर आणलेली गडद, घट्ट साय जाईल आणि तिच्यासह अक्षरांच्या कडाही जातील.

ही साय म्हणजे धातूने स्वतःच स्वतःस दिलेला लेप. याचे सर्वांत नामांकित उदाहरण दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभाचे. सुमारे सात मीटर उंचीचा, सहा टनांहून अधिक वजनाचा हा गुप्तकालीन स्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा असून त्यास नाममात्र गंज आहे. कानपूरच्या आय. आय. टी.मधील आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनाने त्याचे कारण पुढे आले. जुन्या भारतीय लोहारांच्या भट्टीत चुना वापरला जात नसल्यामुळे लोखंडात स्फुरद राहून गेला आणि त्या स्फुरदाने लोखंडाभोवती अत्यंत पातळ, घट्ट संरक्षक थर तयार केला. स्तंभास पाठमोरे उभे राहून कवटाळण्याच्या लोकप्रिय प्रथेने त्याच्या खालच्या भागावरील हा थर घासला जाऊ लागला, म्हणून १९९७ मध्ये त्याभोवती कठडा घालावा लागला.

घरातील कागद, गावातील दगड

पारदर्शक आवरणाने सर्वाधिक नुकसान कोणाचे होत असेल, तर ते गावोगावच्या जुन्या कागदांचे. सनदा, मोडी दस्तऐवज, वंशावळी, पोथ्या ‘टिकाव्यात’ म्हणून तालुक्याच्या दुकानात नेऊन प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून आणल्या जातात. यंत्रातील उष्णतेने चिकटलेले ते प्लॅस्टिक कागदाच्या तंतूंत शिरते. कागदातील आम्लता आतच कोंडते आणि पुढे ते आवरण सोडविणे जवळजवळ अशक्य होते. चिकटपट्टीचेही तेच. शाळेच्या ग्रंथालयातील एखादे चाळीस वर्षांपूर्वी चिकटपट्टीने जोडलेले पुस्तक उघडून पाहावे : पट्टी निघून गेलेली असते आणि तिच्या जागी तपकिरी, तेलकट डाग कायम असतो. लावताना तीही पारदर्शकच होती. दस्तऐवज सुती कापडात बांधून, कोरड्या जागी, आडवा ठेवावा. हाताळणी टाळण्यासाठी त्याचे स्वच्छ छायाचित्र काढून ते वापरावे.

दगडी देवळांस तैलरंग अथवा चकाकणारे रोगण देण्याची हौस अलीकडे वाढली आहे. जीर्णोद्धारासाठी वर्गणी जमते आणि काही तरी झाले हे दिसावे म्हणून कोरीव खांब चकचकीत केले जातात. दगडही भिंतीप्रमाणेच ओल सोडतो. रोगणाखाली त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यांबरोबर कोरीव कामाची धार जाते. शिलालेखांवर तेल ओतून अक्षरे वाचण्याची सवयही तशीच घातक. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत भाषेतील शिलालेख आहे. त्यावर शके १५११ असा उल्लेख असून फारुकी राजांची वंशावळ त्यात दिली आहे. मशिदीत संस्कृत लेख, ही गोष्टच विद्यार्थ्यांना दाखविण्याजोगी. असा कोणताही लेख वाचण्यास तेल, खडू वा रोगण लागत नाही. संध्याकाळी विजेरी दगडाच्या अगदी कडेला, तिरपी धरावी. खाचांत सावली पडते आणि समोरून न दिसणारी अक्षरे उठून येतात. छायाचित्रही त्याच प्रकाशात घ्यावे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकास हानी पोहोचविणे वा ते विद्रूप करणे यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सद्‌हेतूने दिलेले रोगण हे विद्रूपीकरण ठरणार नाही, असे ग्रामपंचायतीने गृहीत धरू नये. सल्ल्यासाठी मात्र दारे खुली आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची रसायनशाखा १९१७ पासून काम करीत असून तिचे मुख्य कार्यालय डेहराडून येथे आहे. लखनौ येथे १९७६ मध्ये सांस्कृतिक संपत्तीच्या जतनासाठी राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. राज्य पुरातत्त्व विभागाचे सहायक संचालक जवळचे होत; प्रथम अर्ज त्यांच्याकडेच करावा.

अर्जासोबत वस्तूची अथवा भिंतीची छायाचित्रे पाठवावीत आणि त्यांत मापासाठी एक पट्टी ठेवावी. ओल कोठून येते, कोणत्या महिन्यात वाढते, हे लिहावे. यापूर्वी कोणी त्यावर काही लावले असल्यास त्या पदार्थाचे नाव, लावल्याचे वर्ष आणि तो कशात विरघळविला होता, हे गावातील जुन्या सुतारास, पुजाऱ्यास किंवा मुजावरास विचारून नोंदवावे. पुढे तज्ज्ञाच्या संमतीने एखादा लेप दिला गेलाच, तर त्याचीही हीच नोंद शाळेच्या अगर ग्रामपंचायतीच्या दप्तरात तारखेसह ठेवावी. अजिंठ्याच्या भिंतीपुढे भिंग घेऊन बसणाऱ्या रसायनतज्ज्ञास आजही पहिला शोध घ्यावा लागतो तो याच गोष्टीचा : समोरचा पिवळा थर कोणाच्या हातचा, केव्हाचा, आणि तो कशाने सुटेल.